पुढचा डावा टायर एकटाच आतून का झिजतो, तेही दोनदा अलाइनमेंट करून?

तुमचा प्रश्न मला असा समजला: हॅचबॅक ५ वर्षांची, ६२,००० किलोमीटर चाललेली. पुढचे दोन्ही टायर एकदमच नवे टाकले. १४,००० किलोमीटरमध्ये डावा टायर आतल्या कडेला गुळगुळीत झाला, उजवा मात्र अजून बरा आहे. मध्ये दोनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन मशिनवर मोजून जुळवणं) केली, दोन्ही वेळा मशिनवर सगळे आकडे हिरवे आले. आता दुकानदार म्हणतो की टायरच खराब निघाला, नवा टाका.

आतल्या कडेला तारा दिसत असतील तर आजच तो टायर काढून स्टेपनी लावा, त्यात चालढकल नको. पण काढलेला टायर दुकानात सोडून येऊ नका. गेल्या १४,००० किलोमीटरमध्ये तुमचं चाक कसं चाललं, याची नोंद फक्त त्या टायरवर आहे. मशीन तुम्हाला गाडी उभी असतानाचे कोन दाखवतं. टायर सांगतो ते गाडी चालत असतानाचं असतं.

कराडला हायवेलगत माझं अलाइनमेंट-बॅलन्सिंगचं दुकान आहे, २००६ पासून. ‘गाडी टायर खाते’ ही तक्रार मी रोज ऐकतो, आणि तुमच्या वर्णनातला एक तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: एकच टायर, एकाच कडेने.

आधी हे सांगतो की तो तपशील महत्त्वाचा का. पुढची दोन्ही चाकं स्टिअरिंगच्या रॅकने एकमेकांना जोडलेली असतात. वरून पाहिलं तर चाकांची तोंडं किंचित आत किंवा किंचित बाहेर वळलेली असतात, त्याला आपण टो म्हणतो. समजा टो बिघडला. गाडी सरळ न्यायची म्हणून आपण नकळत स्टिअरिंग थोडं धरून ठेवतो आणि तो बिघाड दोन्ही चाकांत निम्मा निम्मा वाटला जातो. दोन बैल एका जुवाला बांधले असतील आणि जू वाकडं असेल, तर त्रास दोघांच्याही मानेला होतो, तसंच हे. त्यामुळे निव्वळ टो चुकला असता, तर तुमचे दोन्ही पुढचे टायर सारखेच आतून झिजले असते. तुमच्याकडे एकच झिजला, म्हणजे त्या एका चाकाचं स्वतःचं काहीतरी दुखणं आहे. एक तर त्याचा कँबर, म्हणजे समोरून पाहिल्यावर चाक वरच्या बाजूने आत किंवा बाहेर किती कललंय तो कोन, बिघडलाय. नाहीतर त्या बाजूचा एखादा सांधा ढिला झालाय.

मग मशिनवर हिरवं कसं आलं? हिरव्या रंगाची पट्टी बरीच रुंद असते. समजा एखाद्या गाडीला कँबर उणे अर्धा अंश, आणि त्यात एक अंश इकडे-तिकडे चालतो असं दिलंय. डाव्या चाकाला उणे १ अंश २० मिनिटं (कोनाच्या मापात ६० मिनिटांचा एक अंश) आलं, हिरवं. उजव्याला अधिक १० मिनिटं आलं, तेही हिरवं. पण दोघांतला फरक झाला दीड अंश! मी अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक दिसला की गाडी सोडत नाही, मग रंग कोणताही असो. तुमच्या दोन्ही प्रिंटआउट शोधा आणि डाव्या-उजव्या कँबरमधला फरक काढून बघा. प्रिंटआउट दिलीच नसेल, तर पुढच्या वेळी आधीची आणि नंतरची अशा दोन्ही मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे, आणि मशीन ती देऊ शकतं.

नुसता एक अंश कँबर इतक्या लवकर टायर खात नाही, हेही खरं आहे. कँबर हळूहळू खातो, टो भराभर खातो. दोघं एकत्र आले की मात्र टायरचं काही खरं नाही. हिशोब करून बघा. प्रत्येक चाक फक्त पाव अंश बाहेर वळलेलं असेल, तर दर किलोमीटरला ते साधारण ४.४ मीटर आडवं घासलं जातं. १४,००० किलोमीटरला हा हिशोब ६१ किलोमीटरवर जातो. आता डावं चाक कँबरमुळे आधीच आतल्या कडेवर जास्त भार घेऊन चाललेलं असेल, तर सगळी घासाघीस त्या दोन बोटांच्या पट्टीवर होणार. उजव्यालाही टो तेवढाच आहे, पण त्याचा कँबर थोडा उलटा, म्हणून तिथे झीज पसरून जाते आणि टायर ‘बरा’ दिसतो. तुमच्या वर्णनाशी हे चित्र मला बरंच जुळतं वाटतं, पण ते ताडून बघायला हवं.

पहिली तपासणी हातानेच करा. टायर थंड असताना तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. (तारा निघाल्या असतील तर हात लावू नका, हात चिरतो.) बाहेरून आत नेताना हात गुळगुळीत सरकला आणि उलट येताना नक्षीच्या धारा टोचल्या, तर टो आत आहे. आतून बाहेर नेताना गुळगुळीत आणि बाहेरून आत आणताना टोचलं, तर टो बाहेर आहे. कुठूनही हात फिरवला तरी धार लागत नाही, नुसता उतार लागतो, तर टोचा हात नाही, कँबरचाच प्रश्न आहे. उजव्या टायरवरूनही असाच हात फिरवा. तो डोळ्यांना चांगला दिसत असला तरी धारा लागतील अशी माझी अपेक्षा आहे. लागल्या तर वरचं चित्र बरोबर.

मग खोली मोजा. खोली मोजायचं छोटं गेज फार महाग येत नाही. आतली कड, मध्य, बाहेरची कड अशा तीन जागी, आणि चाक पाव-पाव फिरवत चार ठिकाणी, असे प्रत्येक टायरचे १२ आकडे कागदावर लिहा. नव्या टायरला ७-८ मिलिमीटर खोली असते. खाचांच्या तळाशी जे आडवे उंचवटे असतात ते १.६ मिलिमीटरचे, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. चारही ठिकाणी झीज सारखी असेल तर दोष कोनात आहे. ठिकठिकाणी कमी-जास्त असेल तर चाक उड्या मारतंय, म्हणजे शॉकअप किंवा बॅलन्सिंगकडे बघायचं.

आता सांध्यांकडे येऊ. इथे मी स्वतः चुकलोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. दुकान सुरू करून तीनेक वर्षं झाली असतील. मसूरच्या एका शिक्षकांची गाडी यायची, डावा टायर आतून जायचा. मी तीन वेळा अलाइनमेंट केली, तिन्ही वेळा पैसे घेतले, तिन्ही वेळा मशीन खूश. चौथ्यांदा ते आले तेव्हा नवा टायर पुन्हा गेलेला होता, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. त्या दिवशी गाडी लिफ्टवर घेऊन पहार लावली, तर डाव्या लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, मागचा बुश (सांध्यातलं रबर) फाटलेला. उभ्या गाडीत त्यावर जोर नसतो, त्यामुळे आर्म आपल्या जागी बसतो आणि मशिनवर कोन बरोबर येतात. रस्त्यावर ब्रेक दाबला की तोच आर्म मागे सरकतो, चाक बाहेर वळतं, आणि दिवसातून शेकडो वेळा हे घडतं. मी त्यांना आधीचे पैसे परत दिले. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: सांधे हलवून बघितल्याशिवाय गाडी मशिनवर चढत नाही.

तुम्हीही घरी थोडं बघू शकता. सपाट जागी गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, डावं पुढचं चाक जॅकने उचला. गाडीखाली शिरू नका, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही. चाक घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलवा. खुळखुळलं तर टायरॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाकडे येणारे सांधे. १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. तिथे ढिलाई लागली तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. बुश मात्र असा कळत नाही, त्याला लिफ्ट आणि पहार लागते. त्याची एक खूण गाडी चालवताना मिळते: रिव्हर्समध्ये हळू जाऊन ब्रेक दाबला की डावीकडून एकच ‘टक्’ असा आवाज येतो, पुन्हा पुढे जाऊन ब्रेक दाबला की परत एकदा. हा आवाज येत असेल तर आधी बुश बघायला सांगा.

आपल्याकडे डावी बाजूच जास्त का दुखावते, तर आपण डावीकडून चालवतो. समोरून उसाची ट्रॉली आली की डावं चाक साइडपट्टीवरून खाली उतरतं आणि डांबराच्या तुटक्या कडेवर आपटत परत वर चढतं. कारखान्यांच्या हंगामात माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत डाव्या बाजूचे वाकलेले रिम आणि फाटलेले बुश हमखास जास्त असतात.

आता तुम्हाला एक प्रश्न विचारायचाय, आणि त्याच्या उत्तरावर बरंच अवलंबून आहे. ६२,००० किलोमीटरच्या गाडीचं क्लचचं काम झालेलं असू शकतं. ते झालं का? आणि झालं असेल, तर टायरचा त्रास त्यानंतर सुरू झाला का? विचारण्याचं कारण असं. अनेक छोट्या गाड्यांत क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवताना इंजिनाखालचा क्रॉसमेंबर (आडवी लोखंडी चौकट) सोडावा लागतो, आणि दोन्ही लोअर आर्म त्यालाच धरलेले असतात. परत बसवताना तो काही मिलिमीटर एका बाजूला सरकून बसला, तर एका चाकाचा कँबर जितका आत जातो तितकाच दुसऱ्याचा बाहेर जातो. पाटणहून आलेल्या एका गाडीत हेच होतं. गाडीला कधी धक्का लागलेला नव्हता, सगळे पार्ट सरळ, बुश धडधाकट, तरी कँबरमध्ये सव्वा अंशाचा फरक. क्रॉसमेंबरचे बोल्ट ढिले करून तो मधोमध आणला आणि परत कसला, एकही पार्ट बदलावा लागला नाही.

क्रॉसमेंबर सरकलाय की पार्ट वाकलाय, हे चांगल्या मशिनवर ओळखता येतं. त्यासाठी स्टिअरिंग दोन्हीकडे वळवून केपीआय मोजायला सांगा, म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळतं ती समोरून पाहिल्यावर किती कललीय तो कोन. प्रत्येक बाजूचा केपीआय आणि कँबर यांची बेरीज करा. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी पण कँबर वेगळा असेल, तर सगळा सांगाडाच सरकलाय, म्हणजे क्रॉसमेंबर बघा किंवा वर शॉकअप जिथे बॉडीला धरलाय ती जागा. बेरीजच वेगळी येत असेल, तर त्या बाजूचा शॉकअप किंवा नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) वाकलाय. खड्ड्यात जोरात आपटल्यावर हे होतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण गर्दीच्या वेळी कुणी करत नाही, म्हणून गाडी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या न्या.

आणि एक कळकळीने सांगतो. कँबर बसत नाही म्हटल्यावर काही ठिकाणी हायड्रॉलिक जॅक लावून शॉकअप किंवा नकल दाबून वाकवतात, ‘कँबर मारून देतो’ म्हणतात. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत कँबरला कंपनीकडून वेगळी सेटिंग नसते, म्हणून ही पद्धत रुळली. मला ती मान्य नाही. वाकलेला पार्ट बदलायचा असतो आणि सरळ असलेला वाकवायचा नसतो. क्रॉसमेंबर सरकलेल्या गाडीचा धडधाकट शॉकअप दाबून आकडा हिरवा केला, तर मूळ चूक तशीच राहते आणि तिच्यावर दुसरी चढते.

गाडी उजवीकडे ओढते का, हेही बघा. डावं चाक वरून आत कललं असेल तर गाडीला हलकासा उजवीकडे कल यायला हवा. खात्रीसाठी पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावून बघतात. ओढ बाजू बदलून डावीकडे गेली, तर ती टायरमुळे होती, कोनामुळे नव्हती. हे फक्त टायर त्या लायक असेल तरच करा, तारा निघालेला टायर पुन्हा चढवू नका.

दुकानदार म्हणतो तसा टायरच खराब असू शकतो का? टायर बनवतानाचा दोष असतो तेव्हा फुगवटा येतो, नक्षीचे तुकडे सुटतात, चाक थरथरतं. एकाच कडेची एकसारखी, गोल फिरून आलेली झीज हे कोनाचं किंवा ढिल्या सांध्याचं काम आहे. बॅलन्सिंगनेही ती जात नाही. बॅलन्सिंग बिघडलं की ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, कड झिजत नाही. नायट्रोजनचा तर संबंधच नाही, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

ज्यांची झीज तुमच्यासारखी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत असेल, तर हवा कमी राहतेय. महिन्याला एखाद-दोन पीएसआय तशीही उतरते. फक्त मध्य झिजला तर हवा जास्त. रेडियल टायर खाली थोडा फुगलेला दिसतोच, ते बघून ‘हवा कमी वाटते’ म्हणत लोक ३३ च्या जागी ४० भरतात. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, आणि तो टायर थंड असतानाचा आहे. ताम्हिणी उतरून आल्या आल्या मोजलेला नव्हे. नक्षीवर ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले असतील तर शॉकअप गेला. मागच्या टायरची नक्षी करवतीच्या दातांसारखी झाली की चालताना घूं-घूं आवाज येतो, आणि लोक बेअरिंग बदलून बसतात. सिमेंटच्या रस्त्यावरून डांबरावर आल्यावर आवाज बदलला तर तो टायरचा. गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवल्यावर बदलला तर बेअरिंगचा. मागचे टायर आतून झिजत असतील तर मागचा बीम (मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) वाकलाय का बघा, आणि डिकीत नेहमी काय वजन असतं तेही. सीएनजीची टाकीच पन्नास किलोंहून जड असते, वर माणसं आणि सामान.

एक झीज मात्र दोष नसते, तिच्याबद्दल लिहायलाच हवं. चिपळूण-कराड कुंभार्ली घाटातून नेहमी ये-जा करणाऱ्यांचे पुढचे दोन्ही टायर बाहेरच्या कडेने झिजतात. नागमोडी वळणावर सगळा भार बाहेरच्या चाकावर येतो आणि टायर खांद्यावर कलतो. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. दोन्ही टायर सारखे, बाहेरच्या कडेला, गोलसर झिजलेले दिसले, तर मी आधी विचारतो, ‘घाटात किती जाणं होतं?’ अशा गाडीचे कोन बरोबर असतील तर त्यांना हात लावू नये. हवा बरोबर ठेवायची, वळणावर वेग कमी ठेवायचा आणि दर ८-१० हजार किलोमीटरला टायर पुढे-मागे करायचे, एवढंच.

पुन्हा तुमच्याकडे. क्रम असा ठेवा: आधी चारही टायरचे फोटो आणि खोलीचे आकडे. मग लिफ्टवर सांधे आणि बुश. ढिलं असेल ते बदलून मगच अलाइनमेंट, चारही चाकांची. मशिनवर चढवण्याआधी चारही टायरमध्ये हवा सारखी करा आणि डिकी रिकामी करा. कारण सापडून दुरुस्त झाल्यावरच नवा टायर, नाहीतर तोही याच वाटेने जाईल. सध्याचा टायर आतून अजून २-३ मिलिमीटर शिल्लक असेल आणि त्याच्या नक्षीला आत-बाहेर अशी बाजू ठरलेली नसेल, तर दुरुस्तीनंतर तो रिमवर उलटा चढवून घेता येतो. झिजलेली कड बाहेर येते, डोळ्यांसमोर राहते आणि टायर आणखी काही हजार किलोमीटर चालतो. टायरच्या बाजूवर ‘आउटसाइड’ किंवा फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हे करू नका. नवा एकच घ्यावा लागला तर त्याच मापाचा आणि त्याच नक्षीचा घ्या, आणि जोडीला उजवीकडे जास्तीत जास्त शिल्लक असलेला ठेवा.

एवढं झालं की नव्या टायरची आतली कड १,००० किलोमीटरनंतर मोजा. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की ती उभ्याउभ्या दिसते. आत आणि बाहेर यांत अर्धा मिलिमीटरही फरक पडला असेल तर पुढे न थांबता परत दाखवा.

दोन्ही बाजूंचा कँबर, केपीआय, टोचा आकडा आणि हात फिरवून काय लागलं ते कळवा. क्लचचं काम कधी झालं होतं तेही आठवून लिहा. त्यावरून बुश की क्रॉसमेंबर की वाकलेला शॉकअप, हे बरंचसं इथूनच सांगता येईल.